पीएचडी, काउन्सेलिंग आणि कोचिंग – माझा अनुभव

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहूनच टाकते. मी सिनिअर कॉलेजला भूगोल शिकवते, तासिका तत्त्वावर, म्हणजे दरवर्षी नवीन ऑर्डर आणि मानधन कधी येईल तेव्हा. पीएचडीचं रजिस्ट्रेशन २०१८ चं, विषय ऊसतोड बायकांचं स्थलांतर. दोन हंगाम फडात फिरून, त्यांच्या कोपीत (पाचटाच्या झोपडीत) बसून २१४ प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि एका पोत्यात बांधून कपाटावर ठेवल्या, त्या दीड वर्ष तिथंच. कपाटाकडे बघायचंसुद्धा टाळायचे मी.

त्याच्या आधी सरांनी (गाईडनी) डिपार्टमेंटमध्ये सगळ्यांसमोर म्हटलं होतं, तुमच्याकडून होत नसेल तर जागा सोडा, दुसरं कुणीतरी करेल. त्यानंतर सरांचा फोन आला की तळहात ओले व्हायचे, मग मी फोन पालथा ठेवायला लागले. मला वाटायचं आपण आळशी झालोय, शिस्त नाही. म्हणून २०२३ मध्ये पैसे भरून एक ऑनलाइन रायटिंग कोर्स लावला, रोज ५०० शब्द लिहायचे आणि रात्री चार्ट भरायचा. तिसऱ्या आठवड्यापासून चार्टचे रकाने कोरे राहायला लागले आणि त्या कोऱ्या रकान्यांचंही ओझं झालं.

जानेवारी २०२४ मध्ये युनिव्हर्सिटीचं पत्र आलं, पीएचडीची सहा वर्षांची मुदत संपत आलीय, काम कुठवर आलंय ते कळवा. त्या रात्री अडीच वाजता गच्चीवर गेले, मुलगा आणि नवरा झोपलेले, आणि मनात जे येत होतं त्याची मलाच भीती वाटली. तिथूनच १४४१६ ला फोन लावला. टेली-मानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीतून बोलता येतं. पलीकडच्या बाई म्हणाल्या, ताई, आधी खाली घरात जा, पाणी प्या, मी लाइनवरच आहे. मी माठाजवळ उभी राहून रडले आणि त्या थांबल्या. नवऱ्याला उठवायला त्यांनीच सांगितलं आणि मी उठवलं.

दोन दिवसांनी आम्ही दोघं जिल्हा रुग्णालयात मानसोपचारच्या ओपीडीत गेलो. तिथं नऊ प्रश्नांचा एक कागद देतात, गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं ते विचारतात, २७ पैकी माझे १६ आले. डॉक्टर म्हणाले हा आळस नाही, डिप्रेशन आहे. गोळी सुरू झाली, फरक कळायला तीनेक आठवडे गेले. स्वतःच्या मनानं बंद करायची नाही हे त्यांनी तीनदा बजावलं.

काउन्सेलिंगची आठ सेशन्स झाली. मॅडमनी एका वहीत दोन रकाने पाडायला लावले, मनात काय आलं आणि त्याला पुरावा काय. मी पहिल्याच दिवशी लिहिलं, सरांचा फोन म्हणजे अपमान. त्या म्हणाल्या कॉल लिस्ट उघडा, मागचे जेवढे आठवतात ते लिहून काढा. अकरा फोन आठवले. तीन वेळा बोलणी खाल्ली होती, बाकी आठ वेळा फॉर्म, फी, कुठल्यातरी सेमिनारची तारीख. ती वही अजून माझ्या पर्समध्ये असते. आणि डिपार्टमेंटमधल्या त्या प्रसंगाबद्दल मॅडम स्पष्ट बोलल्या की सगळ्यांसमोर असं बोलणं चूकच होतं, ते तुम्ही स्वतःच्या माथी घेऊ नका. हे कुणीतरी म्हणायला हवं होतं मला.

कोचिंग त्यानंतर, मे महिन्यात. एक रिटायर्ड प्रोफेसर मॅडम आहेत, पाच-सहा जणींना दर शनिवारी ऑनलाइन घेतात. पहिलं काम काय दिलं तर पोतं खाली काढा आणि प्रश्नावल्यांवर नंबर टाका, बाकी काही लिहायचं नाही. चार दिवस लागले, धूळ, उंदरानं कोपरे कुरतडलेले. ८७ नंबरच्या कागदावर मागच्या बाजूला माझंच अक्षर होतं, त्या बाईंनी सांगितलेलं, मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फिटली नाही म्हणून यंदा पोरीची शाळा सोडवून तिला सोबत आणली. ते वाचलं आणि त्याच रात्री दोन पानं लिहून झाली.

दुसरं काम, नियम स्वतः वाचा. यूजीसीच्या २०१६ च्या नियमात (माझं रजिस्ट्रेशन २०१८ चं, म्हणून मला तेच लागू) महिला उमेदवारांना सहा वर्षांच्या वर दोन वर्षांची सवलत देता येते असं चक्क लिहिलंय आणि मी ते कधी वाचलंच नव्हतं, कारण मुदत हा शब्द दिसला की फाइल बंद करायचे. अर्ज केला, मंजूर झाला. सरांना मेल पण या प्रोफेसर मॅडमनीच तीन ओळींचा करायला शिकवला, काय झालं, पुढे काय, आणि मला कुठल्या तारखेपर्यंत उत्तर हवं. सरांचं उत्तर आलं, ठीक, पाठवा.

मला मनापासून वाटतं, झोप उडाली असेल, जेवण जात नसेल तर आधी डॉक्टर आणि काउन्सेलर, कोचिंग नंतर. माझं उलट झालं, आधी तो रायटिंग कोर्स लावला आणि त्यात जवळजवळ एक वर्ष गेलं. आणि कॉलेजमध्ये समुपदेशन कक्षाची पाटी असते ती विद्यार्थ्यांसाठी, शिकवणाऱ्यांनी कुठं जायचं? सीएचबीवाल्यांना (तासिका तत्त्वावरच्यांना) तर कुणाला सांगायचीच भीती, पुढच्या वर्षीची ऑर्डर जाईल म्हणून. याबद्दल संघटनांनी बोलायला पाहिजे.

आता चौथं प्रकरण सरांकडे आहे आणि डॉक्टरांनी गोळी अर्धी केलीय. मुदतवाढीच्या अर्जाचा मजकूर कुणाला हवा असेल तर सांगा, जपून ठेवलाय.