पार्ट नंबर लिहून द्या, एवढंच मागत होतो

जिल्ह्याच्या गावातल्या एका शोरूमच्या पार्ट्स काउंटरची आठवण झाली की अजून डोकं तापतं. गाडी केव्हाच रस्त्यावर आली, तूर निघाली, अडकलेले पैसेही वापस मिळाले, तरी तापतं. दिग्रस, दारव्हा, आर्णी, महागाव असल्या गावात बसून कुणी फुटलेल्या गाडीचे पार्ट शोधत असेल, तर त्याच्या कामी यावं म्हणून सगळं लिहून काढतोय.

डिसेंबरात सायंकाळी दारव्ह्याहून घरी येत होतो. उभ्या तुरीतून रोही, म्हणजे नीलगाय, निघाला आणि सरळ गाडीच्या तोंडावर आला. मला आणि सौ.ला खरचटलंही नाही, रोहीसुद्धा उठून वावरात पळाला. पूर्ण वाढलेला नर रोही दोनशे किलोच्या वर भरतो, आणि एवढं वजन बोनटच्या उंचीवर येऊन लागतं. त्यामुळे चाकं, स्टेअरिंग शाबूत राहतं आणि पुढचं सगळं आत जातं. माझ्या गाडीचा बंपर, जाळी, डावा हेडलाईट, डावा फेंडर (चाकावरचा पत्रा), बोनट, एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर ज्यावर बसतो तो फ्रंट पॅनल, इतकं गेलं. अशा वेळी गाडी चालू करण्याआधी खाली वाकून पाहावं. रेडिएटरचं पाणी गळत असेल तर चाबी फिरवू नये, ट्रॅक्टरने ओढून न्यावी. बिनपाण्याने दोन-चार किलोमीटर चालवली तर बॉडीच्या खर्चावर इंजिनाचा खर्च चढतो.

गाडी रिट्झ आहे, डिझेल. मारुतीने ती २००९ साली आणली आणि २०१७ साली बंद केली. तिचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन स्विफ्ट-डिझायरमध्येही होतं, त्यामुळे फिल्टर, बेल्ट वगैरे दिग्रसच्या दुकानातही मिळून जातं. बॉडी मात्र तिची तिचीच. स्विफ्टचा बोनट तिला बसत नाही, वॅगनआरचा फेंडर बसत नाही. त्यातही २०१२ मध्ये कंपनीने रिट्झचं तोंड बदललं, पुढचा बंपर आणि जाळी वेगळी आली. माझी गाडी नोंदली गेली २०१२ च्या अखेरीस, पण बनली त्या बदलाच्या आधी. म्हणजे कागदावर २०१२, तोंड जुनं.

हे आमच्या डेंटर (ठोकलेला पत्रा सरळ करणाऱ्या) चाचांनी गाडी पाहताक्षणीच सांगितलं होतं. "भाऊ, रिट्झ दोन तोंडाची येते. पहिले आपली जाळी पाहा, मंग बंपर मागा. नंबर घेतल्याशिवाय पैसे देऊ नका." चाचा कंपनीच्या कुठल्याच ट्रेनिंगला गेलेले नाहीत. तीस वर्षं हातोडी चालवून त्यांना जे कळलं, ते काचेच्या शोरूममध्ये कुणाला ठाऊक नव्हतं.

तर काउंटर. आरसीची झेरॉक्स, फुटलेल्या तोंडाचे चारही बाजूंनी फोटो, सतरा अक्षरांचा चेसिस नंबर वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात, एवढं घेऊन सकाळीच गेलो. काउंटरवरच्या मुलाने मॉडेल विचारलं, साल विचारलं आणि कीबोर्डवर बोटं मारली. चेसिस नंबरचा कागद मी पुढे सरकवला, त्याने बाजूला ठेवला. म्हणाला, "सर, मागवावा लागेल. पूर्ण पेमेंट आधी. बॉडी पार्ट वापस होत नाही."

मी म्हटलं, ठीक आहे, पण पार्ट नंबर लिहून द्या, डेंटरला विचारून लगेच पैसे भरतो.

"नंबर बाहेर देता येत नाही सर, पॉलिसी आहे."

मग स्क्रीनवरचं चित्र तरी दाखवा म्हटलं. स्क्रीन त्याच्याकडे वळलेली, आणि ती माझ्याकडे फिरवायची सोय नव्हती म्हणे. थोड्या वेळाने सिस्टीम बंद पडली. मग जेवणाची सुट्टी झाली. मग वर्कशॉपमधून कुणीतरी आलं आणि माझ्या आधी त्याचं काम झालं. वावरातलं काम सोडून, एसटीने येऊन बसलेला माणूस समोर आहे, हे त्या काउंटरच्या पलीकडे कुणाच्या गावीही नव्हतं. आमच्यासारख्याला "उद्या या" हा शब्द एका दिवसाच्या मजुरीला पडतो. फोनवर काम होईल का विचारलं तर फोन उचलला जात नाही, आणि उचलला तर प्रत्यक्ष या म्हणतात.

सायंकाळची गाडी निघायची वेळ आली तेव्हा मी एक गोष्ट धरून बसलो: पावतीवर माझा चेसिस नंबर लिहा, तरच पैसे भरतो. कुरकुर करत त्याने हाताने लिहिला आणि शिक्का मारला. पुढे जे काही वाचलं ते या एका ओळीने वाचलं, म्हणून जोर देऊन सांगतो. पार्ट नंबर देत नसतील तर पावतीवर चेसिस नंबर त्यांच्याच हाताने लिहून घ्या. शिक्का, तारीख, सही. हे न घेता काउंटर सोडू नका.

बंपर आला तो नव्या तोंडाचा. खोका उघडल्यावर मलासुद्धा लांबून कळलं. काउंटरवरचं उत्तर तयारच होतं: तुम्ही २०१२ सांगितलं, २०१२ चा आला, वापस होत नाही. मी पावती समोर ठेवली. साल मी सांगितलं होतं हे खरं, पण चेसिस नंबरही दिला होता आणि तो त्यांच्याच अक्षरात लिहिलेला होता. गाडी कोणत्या महिन्यात बनली हे त्या नंबरावरून त्यांच्याच कॉम्प्युटरला कळतं. पाहायचे कष्ट कोणी घेतले नाहीत, त्याचा भुर्दंड माझ्यावर का? मुलगा म्हणाला मॅनेजरला भेटा, मॅनेजर मीटिंगला. मॅनेजर भेटले तेव्हा म्हणाले, लेखी अर्ज द्या. अर्ज दिला तर पोच द्यायला नाही म्हणाले. तेव्हा मी शांतपणे सांगितलं की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ नंबर मला माहीत आहे, इथे बसूनच तक्रार नोंदवतो, पावतीचा फोटो माझ्याजवळ आहे. त्यानंतर अर्जावर पोचही मिळाली आणि पैसे खात्यात वापस टाकू असं लेखीही मिळालं. बरोबर बंपर मागवून द्या म्हटलं, तर तो कधी येईल ते सांगता येत नाही म्हणाले.

मी त्या दिवशी घरी गेलो नाही, सरळ चाचांच्या गॅरेजला गेलो. चाचांनी माझा फुटका बंपर कोपऱ्यातून ओढला, उलटा केला, चिखल पुसला. आतल्या बाजूला प्लास्टिकातच नंबर उठवलेला होता. जो नंबर काउंटरवर गुपित म्हणून सांभाळला जात होता, तो माझ्याच गाडीच्या पोटात होता! चाचा मधल्या काळात गावी गेले होते, नाहीतर हे आधीच झालं असतं.

म्हणून पहिलं काम हे करा: फुटलेला एकही तुकडा फेकू नका, भंगारवाल्याला देऊ नका. बंपरच्या आत नंबर असतो. हेडलाईटच्या पाठीवर बनवणाऱ्या कंपनीचं नाव असतं. मारुतीच्या पार्ट नंबरातले पहिले पाच आकडे भाग कोणता ते सांगतात, ५७३०० म्हणजे बोनट, ७१७११ म्हणजे पुढचा बंपर. त्यापुढची अक्षरं मॉडेल आणि प्रकार सांगतात, आणि जुन्या-नव्या तोंडाचा घोळ तिथेच असतो. बूडमोसारख्या वेबसाईटवर मॉडेल आणि बनल्याचं साल निवडलं की चित्रासकट पार्ट नंबर दिसतो. तो आपल्या तुकड्यावरच्या नंबराशी ताडून पाहायचा. आरसीवर नोंदणीची तारीख वेगळी आणि गाडी बनल्याचा महिना-वर्ष वेगळा असतो. पार्टसाठी दुसरी तारीख धरायची.

नंबर हातात आल्यावर काम किती सोपं झालं! नागपूरला भाचा आहे. त्याने घाट रोडकडच्या दुकानांत तो नंबर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, आणि एका दुकानदाराने त्याच दिवशी बंपरच्या उलट्या बाजूचा फोटो पाठवला. नंबर जुळला. साल विचारलं नाही, आरसी मागितली नाही. नंबर सांगा, माल घ्या.

हेडलाईट कंपनीच्या डब्यातलाच पाहिजे असा हट्ट मी धरला नाही. मारुतीला दिवे पुरवणाऱ्यांत लुमॅक्स आहे आणि त्यांचे दिवे खुल्या बाजारातही मिळतात. बिनानावाचा दिवा मात्र घेऊ नका, पहिल्या पावसात आत वाफ धरतो. बोनटचं उलट आहे. बाजारात लोकल बोनट स्वस्त मिळतो, पत्रा पातळ असतो, फटी जुळत नाहीत आणि लॉक नीट बसलं नाही तर चालत्या गाडीत उघडायची भीती. मी बोनट जुना पण ओरिजिनल घेतला, मागून ठोकलेल्या एका रिट्झचा. जुना माल घेताना बिल घ्या आणि तो कोणत्या गाडीचा आहे ते त्यावर लिहून घ्या. चोरीच्या गाडीचा पार्ट आपल्या दारात यायला नको. बोनटच्या आतल्या बाजूने हात फिरवून पाहा, ठोकून सरळ केलेला असेल तर हाताला लागतो. फेंडर नवीन घेतला. फ्रंट पॅनल चाचांनी ओढून सरळ केला, मोजमाप घेतलं, म्हणाले बदलायची गरज नाही. त्यांच्या शब्दावर माझा विश्वास आहे.

विम्याचं राहिलंच. दहा वर्षांवरच्या गाडीला साध्या पॉलिसीत पत्र्याच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापतात, प्लास्टिक-रबरावर गाडी कितीही नवी असो ५० टक्के, फक्त काचेवर काही कापत नाहीत. वर क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर येतो, आणि पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत गेलेला असतो. हिशेब कागदावर मांडला आणि क्लेम केला नाही. तुमची गाडी नवी असेल तर हिशेब वेगळा येईल. तेव्हा दुरुस्तीला हात लावण्याआधी कंपनीला कळवा, सर्व्हेअरने पाहण्याआधी खोललेली गाडी पास व्हायला त्रास होतो.

माल नागपूरहून आणणं हेही कामच आहे. कुरिअरवाला वजनावर पैसे घेत नाही, आकारावर घेतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजाराने भागतात आणि येईल तितके किलो धरतात. बोनटसारखी पसरट वस्तू त्या हिशेबात खऱ्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भरते. ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकला तर वर बॅगा पडतात. आमच्या गावचा संत्र्याचा पिकअप नागपूरच्या कळमना बाजाराला जातो आणि वापस रिकामा येतो. त्याच्या ड्रायव्हरने जुन्या गोधड्या घालून बोनट, बंपर, फेंडर सगळं एकाच खेपेत आणलं, एक ओरखडा नाही. त्याला डिझेलचे पैसे दिले, तो घेत नव्हता, बळंच दिले.

बिल घेताना जीएसटी पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के आहे, त्याआधी बहुतेकांवर २८ होता. जुन्या लेबलचा माल जुन्या भावाने लावत असतील तर तिथेच बोला.

रंग मारण्याआधी सगळे पार्ट एकदा बिनरंगाचे गाडीवर बसवून पाहावेत, फटी जुळवून घ्याव्यात, मगच खोलून रंगाला द्यावेत. रंग दिल्यावर ठाकठोक केली की तो तडकतो. माझी गाडी सिल्व्हर, रंगाचा कोड झेड२एस. पेंटरला "सिल्व्हर द्या" म्हणू नका, कोड द्या. आणि मेटॅलिक रंग असेल तर नव्या फेंडरचा रंग शेजारच्या दरवाजावर थोडा विरवून घ्या. बारा-तेरा वर्षं उन्हात राहिलेला रंग कोडशी तंतोतंत जुळत नाही. चाचांच्या पेंटरने तो इतका सुरेख जुळवला की दुपारच्या उन्हातही जोड दिसत नाही, आणि त्याचा मला गाडी नवी घेतल्याइतका आनंद आहे.

फेंडरच्या आतलं प्लास्टिक, चाकाचा चिखल अडवतं ते, तेवढं अजून मिळालेलं नाही. जुन्याचा तुकडा जपून ठेवला आहे, नंबर घाट रोडच्या दुकानदाराकडे पाठवला आहे. पावसाळ्याच्या आत बसवायचं आहे, नाहीतर आमच्या पांदणीचा काळा चिखल सरळ नव्या हेडलाईटच्या पाठीवर जाईल.