वहीत आकार कधी काढणार?

तुम्ही विचारलंत म्हणून. दर जूनमध्ये बालवाडीच्या दारात कुणीतरी विचारतंच, "ताई, शेजारच्या शाळेतली मुलं त्रिकोण-चौकोन रंगवायला लागली, आमची अजून ठोकळेच खेळतायत?" इतकी वर्षं हसून वेळ मारून नेली. आज सांगते.

हे माझं खूळ नाही, आधी एवढं ऐका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ साली बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा शिंपले, बिया, पानं हेच साहित्य होतं. चार वर्षांच्या पोराला कोपरा टोचला की कळतो. चित्रातला टोचत नाही.

पण खरं कारण वेगळंच आहे. मीही तक्त्यावरूनच शिकवायचे. तक्त्यावरचा त्रिकोण कायम देवळाच्या शिखरासारखा, तिन्ही बाजू सारख्या, बूड खाली. एकदा सुताराच्या मुलानं खिशातून प्लायवूडचा तुकडा काढला. वीतभर लांब, एकीकडे बोटभर रुंद, दुसरीकडे सुईसारखा निमुळता. "ताई, त्रिकोण."

"नाही रे, ही तर ढलपी. त्रिकोण असा असतो," म्हणून मी तक्त्यावर पट्टी टेकवली. त्यानं टोकांवर बोट ठेवत मोजलं. एक, दोन, तीन. परत मोजलं. तक्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तुकडा खिशात घातला. बाकीची मुलं हसली. मी त्यांना गप्प केलं नाही.

घरी जाताना एसटीत लक्षात आलं, पोरगा बरोबर होता. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. वर्षभरात त्यानं पुन्हा मला काही आणून दाखवलं नाही.

मग तक्ता उतरवला, लाकडी संच आणला. त्यातलेही सगळे त्रिकोण समभुजच! आणि हातात दिलं की झालं, असं मी पालकसभेत ठासून सांगत होते. आता सुताराकडून वाकडेतिकडे तुकडे मागून आणते, कडा घासते, संचात मिसळते.

तुमचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पहिलीत पेन्सिल धरावीच लागते, आणि माझी काही मुलं तिथं अडखळतात.

परवा एका मुलीनं लाकडी चौरस कोपऱ्यावर उभा धरला. म्हणाली, "शंकरपाळी."

"मघाशी काय होतं?"

"चौकोन."

"मग चौकोन कुठं गेला?"

तिनं तो उचलून खाली वाकून पाहिलं. तेवढ्यात तिची आई न्यायला आली. "ताई, आज काय लिहून घेतलंत?"