पडद्यावर कोरे दिसणारे आभाळ

सांगलीतल्या एका स्थानिक वाहिनीत मी ग्राफिक्सचा संगणक सांभाळतो. सायंकाळी सातच्या बातमीपत्रात हवामानाला जी दोन-अडीच मिनिटे मिळतात, त्यांतला हलता रडार नकाशा माझ्या हातून जातो. आमचे स्वतःचे रडार अर्थातच नाही. हवामान खात्याच्या पणजीच्या डॉप्लर रडारची चित्रे खात्याच्या संकेतस्थळावर येतात. ती उतरवून घ्यायची, सॉफ्टवेअरमध्ये सांगली, सातारा आणि कोल्हापूरच्या नकाशावर बसवायची, तालुक्यांच्या सीमा वर आणायच्या आणि शेवटची सहा चित्रे ओळीने फिरवायची, असे हे काम आहे. रंगांचा त्रास फारसा होत नाही. नकाशावरच्या कोऱ्या जागेचे काय करायचे, हा मात्र मला वर्षानुवर्षे छळणारा प्रश्न आहे, कारण घरी बसून पाहणारा माणूस कोरी जागा म्हणजे कोरडी जागा असेच धरून चालतो.

चित्र नकाशावर बसवताना त्याच्या चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश सॉफ्टवेअरला द्यावे लागतात. खात्याच्या ज्या चित्रात त्या त्या ठिकाणच्या उभ्या स्तंभातला सर्वांत तीव्र प्रतिध्वनी, म्हणजे थेंबांवरून रडारकडे परत आलेली लहर, दाखवलेला असतो, त्याच्या वरच्या आणि उजव्या कडेला ढगांची उंची दाखवणाऱ्या पट्ट्या असतात. त्या कापल्याच पाहिजेत. एकदा वरची पट्टी कापायची राहिली आणि वाई-फलटणवर फूटपट्टीने आखल्यासारखा सरळ रेषेत पाऊस दिसला. फलटणकरांनी तो फार मनावर घेतला नाही, हे आमचे नशीब.

रंगांचे गणित सांगायचे तर, रडारकडे परत येणारी लहर थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे थोडेसे मोठे थेंबही पडद्यावर फार मोठे होऊन येतात, आणि म्हणूनच मोजणी डीबीझेड या लॉगरिथमिक एककात करतात, म्हणजे आकडा दहाने वाढला की लहरीची तीव्रता दहापट झालेली असते. १९४८ साली मार्शल आणि पामर यांनी मांडलेल्या सूत्राने पाहिले, तर २० डीबीझेडला तासाला जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर पाऊस येतो आणि ४० डीबीझेडला ११-१२ मिलिमीटर. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ठरावीक आकड्याखालचे रंग पारदर्शक करण्याची सोय आहे. चित्र स्वच्छ दिसते म्हणून ती २० वर लावलेली होती, आणि शिराळ्यात दिवसभर भुरभुर चालू असताना आमच्या नकाशावर शिराळा लख्ख कोरा होता. ती मर्यादा मी खाली आणली. तेवढ्यापुरता प्रश्न मिटला.

जे बटण दाबून मिटत नाही ते वेगळेच आहे. रडारचा किरण जमिनीला धरून जात नाही. तो अर्धा अंश वर करून सोडला आणि त्यात पृथ्वीची वक्रता धरली, तर पणजीपासून सुमारे १७० किलोमीटरवर, म्हणजे सांगलीवर, त्याचा मध्य जमिनीपासून तीन किलोमीटरच्या वर असतो. कोयनानगरवर तो साडेचार किलोमीटरच्या आसपास जातो, आणि महाबळेश्वर तर रडारच्या चित्रातल्या २५० किलोमीटरच्या वर्तुळाबाहेरच पडते. मुंबईच्या रडारकडून पाहिले तरी कोयनेचे अंतर दोनशे किलोमीटरच्या घरातच येते. एप्रिल-मे महिन्यांतल्या वळवाचा ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच चढतो, त्यामुळे तो किरणाच्या तावडीतून सुटत नाही. घाटमाथ्यावरच्या जुलैतल्या पावसाचे तसे नाही. तिथला बराचसा पाऊस बुटक्या ढगांतून पडतो आणि किरण त्यांच्या डोक्यावरून निघून जातो. म्हणजे ज्या दिवसांत आमच्या प्रेक्षकाचे लक्ष कोयना, नवजा आणि महाबळेश्वरच्या पावसाच्या आकड्यांकडे लागलेले असते, कारण तिथले पाणी पुढे कृष्णेतून सांगलीत येते, नेमके तेव्हाच आमचे चित्र पश्चिमेकडे आंधळे असते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी कधीच मागे टाकली होती आणि पाणी पुढे ५७ फुटांच्या वर गेले. त्या दिवसांत लोक फोन करून विचारत, “रडारवर तर काहीच दिसत नाही, मग पाणी कशानं चढतंय?” प्रश्न रास्त होता, आणि असा प्रश्न पडावा असे चित्र आम्हीच दाखवले होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने घाटातल्या ढगांच्या अभ्यासासाठी वाई तालुक्यात मांढरदेवच्या डोंगरावर एक्स-बँड, म्हणजे आखूड लहरींवर चालणारे, रडार बसवले होते, ते का, हे मला त्या फोनांनंतर नीट समजले.

या कोरेपणाचा तिसरा प्रकार मात्र सर्वस्वी माझ्या चुकीतून आला. मूळ चित्राच्या कडेला ते घेतल्याची वेळ छापलेली असते, तीही जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पट्ट्या कापताना ती वेळही कापली जात असे, आणि आमच्या कोपऱ्यात जी वेळ दिसे ती संगणकाच्या घड्याळाची. एका एप्रिलमध्ये सायंकाळी आमचे इंटरनेट अडकले. शेवटचे चित्र ११:४२ चे, म्हणजे आपल्या ५:१२ चे होते. नवे चित्र मिळाले नाही की शेवटचेच धरून ठेवायचे, हा सॉफ्टवेअरचा स्वभाव. त्याने निमूटपणे तेच फिरवत ठेवले आणि कोपऱ्यात ७:०४ दाखवले. तासगाव तालुका कोरा होता. तासाभराने सावळजहून एका बेदाणा उत्पादकांचा फोन आला. शेडवर माल पसरून आठ दिवस झाले होते, आमचा नकाशा पाहून त्यांनी बाजूचे पडदे गुंडाळलेलेच ठेवले होते, आणि वाऱ्याने आडवा आलेला पाऊस खालच्या तीन जाळ्यांवरचा माल भिजवून गेला होता. भिजलेला बेदाणा काळा पडतो आणि त्याचा दर पडतो, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. ते चिडलेही नव्हते. “साहेब, सात वाजता तुम्ही आभाळ मोकळं दाखवलंत, अन् साडेसातला माझ्या पत्र्यावर गारा वाजत होत्या,” एवढेच म्हणाले.

त्या आठवड्यात मी दोन बदल केले. कोपऱ्यात आता चित्र घेतल्याची वेळ भारतीय वेळेत येते, आणि चित्र अर्ध्या तासापेक्षा जुने असेल तर नकाशा आपोआप उतरतो व निवेदिका रडारशिवायच हवामान सांगते. पाटण, जावळी आणि महाबळेश्वरच्या पट्ट्यावर पावसाळ्यात तिरप्या रेघा असतात. इथला पाऊस या रडारला नीट दिसत नाही, असे खाली लिहिलेले असते. नकाशा खराब दिसतो, अशी आमच्या निर्मात्यांची तक्रार होती. बऱ्याच वादानंतर रेघा फिकट करण्यावर तडजोड झाली. मला त्या अजूनही थोड्या गडद हव्या आहेत.

सावळजच्या त्या गृहस्थांचा फोन आता हंगामात अधूनमधून येतो. पाऊस येणार का, असे ते विचारत नाहीत. “चित्र किती वाजताचं आहे?” एवढे विचारतात, आणि उत्तर ऐकून फोन ठेवतात.