‘अनलिमिटेड’ होस्टिंगची मर्यादा कुठे लपलेली असते

होस्टिंगच्या जाहिरातीत जागा आणि बँडविड्थ ठळक अक्षरांत असतात. साइट झोपते ती सहसा भलत्याच आकड्यांमुळे. शेअर्ड होस्टिंग, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट, घ्यायचं असेल तर आधी कंपनीचं ‘रिसोर्स लिमिट’चं पान उघडा आणि तीन आकडे शोधा: एन्ट्री प्रोसेस, मेमरी (साइटच्या कामांना मिळणारी रॅम), आयनोड. विचारूनही हे आकडे मिळत नसतील तर तिथे पैसे भरू नका.

एन्ट्री प्रोसेस म्हणजे एका क्षणाला साइटवर पीएचपीची (पानं तयार करणाऱ्या प्रोग्रॅमची) किती कामं एकदम चालू शकतात तो आकडा. समजा तो 20 आहे. दादरच्या एखाद्या फराळवाल्या ताईंची लिंक दिवाळीच्या आधी सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरली आणि रात्री जेवणं उरकल्यावर सगळे एकदम ऑर्डर द्यायला आले. एक पान तयार व्हायला अर्धा सेकंद लागत असेल, तर सेकंदाला 40 पानं निघतात. तेच पान प्लगिनांच्या (साइटला जोडलेल्या जादा सोयींच्या) ओझ्याने चार सेकंद घेत असेल, तर फक्त पाच. वीस जागा अडल्या की पुढच्या गिऱ्हाइकाला चकलीऐवजी 508 एरर दिसते. जागा ‘अनलिमिटेड’ असून इथे काडीचा उपयोग होत नाही.

कॅशने, म्हणजे एकदा तयार झालेलं पान साठवून तेच पुन्हा दाखवल्याने, यातलं बरंच ओझं उतरतं, पण ते वाचायच्या पानांचं. कार्ट आणि चेकआउट दर माणसाला वेगळं असतं, ते कॅश करता येत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत: नुसत्या ब्लॉगला सर्वात छोटा शेअर्ड प्लॅन खुशाल घ्या, पण ऑनलाइन पैसे घेणाऱ्या दुकानाला तो घेऊ नका.

आयनोड म्हणजे सोप्या भाषेत फायली आणि फोल्डर यांची संख्या. साइट बनवायच्या वर्डप्रेसवर एक मोठा फोटो चढवला की मूळ फोटो धरून आठ फायली तयार होतात, त्यावरचं दुकानाचं प्लगिन वूकॉमर्स त्यात आणखी तीन घालतं. पाचशे साड्या, प्रत्येकीचे चार फोटो: झाल्या 22,000 फायली. त्याच खात्यावर ईमेल ठेवलंत तर आलेला प्रत्येक मेल ही आणखी एक फाइल. मर्यादा भरली की नवा फोटो चढत नाही, मेल परत जातात, आणि जागा तर अर्धी रिकामी दिसते. दुकानाचं ईमेल वेगळ्या सेवेवर ठेवलेलं बरं.

गिऱ्हाईक ठाणे-डोंबिवलीचं असेल तर सर्व्हर मुंबईतला बघा. अमेझॉनचं मुंबई रीजन (भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरचं केंद्र) 2016 पासून आहे, त्यामुळे पर्याय नाहीत असं नाही. अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंत एक फेरी साधारण 200 मिलीसेकंदांची किंवा जास्तच. पानाचा पहिला शब्द येण्याआधी जोडणी, एन्क्रिप्शन आणि मागणी अशा किमान तीन फेऱ्या होतात, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ नुसता प्रवासात. कंपनीकडून टेस्ट आयपी (सर्व्हरचा आकडी पत्ता) मागा आणि आपल्या फोनवरून पिंग करून, म्हणजे एका फेरीला लागणारा वेळ मोजून, बघा.

भाव बघताना पहिल्या वर्षाचा नाही, नूतनीकरणाचा बघा, वर 18 टक्के जीएसटी धरा. नोंदणी असेल तर खरेदी करतानाच जीएसटी क्रमांक टाका. परदेशी कंपनीच्या ऑटो-रिन्यूवर विसंबू नका: रिझर्व्ह बँकेच्या 2021 पासूनच्या नियमांमुळे ई-मँडेट (आपोआप पैसे कापायची आगाऊ परवानगी) नोंदवलेलं नसेल तर कार्डातून आपोआप पैसे कापले जात नाहीत.

डोमेन, म्हणजे साइटचं नाव, होस्टिंगवाल्याकडे किंवा साइट बनवणाऱ्या मुलाच्या नावावर नको, तुमच्याच नावावर हवं. त्या खात्याला त्याच डोमेनचा ईमेल देऊ नका. डोमेन संपलं की मेल बंद, आणि नूतनीकरणाची आठवण त्याच बंद पेटीत येणार.

बॅकअप ‘रोज घेतो’ असं सगळेच सांगतात. तो दुसऱ्या सर्व्हरवर असतो का, परत बसवायचे वेगळे पैसे लागतात का, हे विचारा. आणि दर महिन्याला एक प्रत आपल्या हार्ड डिस्कवर उतरवा.

होस्ट बदलायची वेळ आली तर मराठी साइटने एक काळजी जास्त घ्यायची. देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेतं. जुना डेटाबेस लॅटिन-1 या एका बाइटला एक चिन्ह मानणाऱ्या पद्धतीवर असेल आणि तसाच उचलून नेला, तर ‘क’च्या जागी तीन परकी चिन्हं दिसतात. नवा डेटाबेस यूटीएफ-8-एमबी-4 वर (इमोजीही मावणाऱ्या यूटीएफ-8 वर) ठेवा आणि ‘ज्ञानेश्वर’सारखा जोडाक्षरांचा शब्द, शिवाय एखादा इमोजी असलेली पोस्ट उघडून तपासा. ही तपासणी डीएनएस (डोमेन कुठल्या सर्व्हरवर न्यायचं ती नोंद) बदलण्याआधी, आपल्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये नवा आयपी टाकून करायची; मग फक्त आपल्याच संगणकावर नवी जागा उघडते.

सगळं ठीक दिसलं की डीएनएसमधला टीटीएल (जुनी नोंद किती वेळ लक्षात ठेवायची तो आकडा) 300 सेकंदांवर आणा आणि दोन दिवस थांबा. मग जुन्या साइटवर ऑर्डर घेणं बंद करा, डेटाबेसची ताजी प्रत नव्या जागी बसवा आणि ए रेकॉर्ड (डोमेनला सर्व्हरचा आयपी जोडणारी डीएनएसची नोंद) बदला. ऑर्डर चालूच ठेवल्या तर काही गिऱ्हाइकांच्या ऑर्डर जुन्याच डेटाबेसमध्ये पडून राहतात. जुनं खातं आणखी पंधरा दिवस चालू ठेवा, आणि त्यातली मेलपेटी रोज उघडून बघा.