आमची वाटचाल: गाळ उपसता उपसता

सुरुवातीला आम्ही दोघंच, मी आणि माझा मेहुणा. भांडवल म्हणाल तर एक फ्लशिंग पंप, चार होजपाइप आणि एक जुनी व्हॅन. घरातल्या सेंट्रल हीटिंगमधला (बॉयलरमध्ये तापवलेलं पाणी खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून फिरवून घर गरम ठेवणारी यंत्रणा) गाळ काढून द्यायचा, एवढाच धंदा. रेडिएटर वर गरम आणि खाली मधोमध गार लागला की समजायचं, तळाशी गाळ बसलाय. (वरून गार असेल तर हवा अडकलेली. तिला आमची गरज नाही, एअर व्हॉल्व्ह सैल केला की सुटते.)

पाणी यायचं ते शाईसारखं. तो काळा गाळ म्हणजे मॅग्नेटाइट, रेडिएटरच्याच पोलादाची झीज. बादलीत लोहचुंबक बुडवला की गुळाला मुंगळे लागावेत तसा चिकटतो. गिऱ्हाइकाला हे दाखवताना मी जरा भावच खायचो.

मग एका घरी फजिती झाली. आम्ही धुऊन दिलेली सिस्टिम आठ महिन्यांत पुन्हा काळी. परत धुतली, फुकट. निघताना घरमालक म्हणाले, "आम्ही काळजी घेतो हो, प्रेशर उतरलं की दर आठवड्याला पाणी भरतो." तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. एक्स्पान्शन व्हेसल म्हणजे तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणारी टाकी; आत रबरी पडदा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. तिच्या हवेच्या व्हॉल्व्हची पिन दाबली, तर हवेऐवजी गढूळ पाण्याची चिळकांडी थेट शर्टावर. आतला रबरी पडदा फाटलेला! तापून फुगलेल्या पाण्याला जागाच नाही. प्रेशर ३ बारला (बार म्हणजे दाबाचं माप) पोचलं की सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून ते बाहेर, गार झालं की प्रेशर खाली, की पुन्हा नळाचं पाणी. ताज्या पाण्याबरोबर ताजा ऑक्सिजन, आणि आम्ही घातलेलं गंजरोधक रसायन दर खेपेला पातळ. बंद सिस्टिमला शिळं पाणीच मानवतं; त्यातला ऑक्सिजन संपला की गंजही मंदावतो.

तेव्हापासून पंप आधी व्हॅनमध्येच राहतो. पहिला प्रश्न, "पाणी कितीदा भरता?" मग गळती, मग व्हेसल, धुणं सगळ्यात शेवटी. बॉयलरच्या आधी रिटर्न पाइपवर, म्हणजे रेडिएटरमधून पाणी परत आणणाऱ्या पाइपवर, मॅग्नेटिक फिल्टर बसवतो, रसायन मापानं घालतो, वर्षातून एकदा पाणी तपासतो. धुण्याची कामं घटली तेव्हा मेहुणा कुरकुरला, पण वार्षिक देखभालीवर आता पाच जणांचे पगार निघतात.

त्या घरी दरवर्षी जातो. गेल्या खेपेला फिल्टरमधून जेमतेम चमचाभर काळं निघालं. "एवढंच?" घरमालकांनी विचारलं, जरा नाराजीनंच.