पेन ड्राइव्हमधला रफार

रविवार कारंजाजवळ आमचं डीटीपीचं दुकान आहे. तिथे एक निवृत्त शिक्षक पेन ड्राइव्ह घेऊन आले. त्यात दिवंगत पत्नीच्या आठवणींची फाइल होती. नव्या लॅपटॉपवर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसायची. "ताई, एकाने व्हायरस म्हणून पैसे घेतले," ते म्हणाले. आमच्याच धंद्यातली माणसं असं सांगतात याचा मला फार राग येतो. फाइल पूर्ण शाबूत होती.

फाइलमध्ये अक्षराचा फक्त क्रमांक साठवलेला असतो, त्याचं रूप फॉन्ट दाखवतो. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच क्रमांकांवर देवनागरी आकार बसवलेले आहेत. 'नाशिक' टाइप केलं की फाइलमध्ये यू, के, एफ, अवतरणचिन्ह, के, डी एवढंच जातं. फॉन्ट नसला की तेच दिसतं. मी कृतिदेव टाकला, पान उघडलं आणि सर तिथेच वाचायला लागले.

पण त्यांना पुस्तक करायचं होतं, म्हणून मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना वेगळे क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, घ्यायला हवा होता. १९९१ पासून युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःचे क्रमांक आहेत. 'क' म्हणजे ०९१५, मग फॉन्ट मंगल असो वा मुक्ता. कन्व्हर्टर हे काम मिनिटात करतो, खरी मेहनत त्यानंतरची. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, रफार नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलटं. जोडाक्षरांपाशी कन्व्हर्टर हमखास घसरतो. म्हणून मी प्रत्येक ओळ वाचते.

वाचताना अडले ते वणीच्या प्रसंगात: 'आचार्यांना नारळ दिला.' मूळ टायपिस्टाने 'दुसऱ्या', 'पायऱ्या' सगळीकडे रफारच दिला होता. ते शब्द संदर्भाने सुधारता आले. हा कसा सुधारणार? गडावर स्वयंपाक करणारे आचारी की कुणी आचार्य? दोन्ही जमतं. हस्तलिखित उरलेलं नाही. सरांनी मेहुणीला फोन लावला, ती त्या वेळी बरोबर नव्हती. मनाने 'ऱ्य' करणं मला पटेना. बाईंचं वाक्य माझ्या अंदाजावर का बदलायचं?

फॉन्ट आतच बसवलेली (एम्बेड केलेली) पीडीएफ आणि युनिकोडची वर्ड फाइल दिली. ते वाक्य पिवळं ठेवलं आहे. सर आता त्या वेळच्या सहप्रवाशांचा पत्ता शोधत आहेत.