एसीच्या भोकातलं घरटं

२२ मार्च, गंगापूर रोड

मार्च संपत आला की नाशकात एसी सर्व्हिसिंगची धांदल उडते आणि खारींच्या तक्रारी सुरू होतात. थंडीभर बंद पडलेल्या युनिटचं कव्हर उघडलं की मागून काथ्या, कापूस, गोधडीची सुतं आणि काळ्या फोमचे तुकडे असा वीतभर रुंदीचा गोळा निघतो. मिस्त्री तो हातानं ओढून पिशवीत कोंबतो, भोकात फोमची फवारणी करतो आणि पुढच्या घरी जातो. दोन दिवसांनी भिंतीतून बारीक चिरचिर ऐकू येते, मग ती थांबते, मग वास सुटतो. दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या सोसायटीत हे घडतंच, आणि हे पूर्ण टाळता येण्यासारखं आहे. म्हणून आज नीट लिहून ठेवतो.

मूळ दोष भोकाचा. एसीचे तांब्याचे पाइप बाहेर काढायला भिंतीत कोअर कटिंग करतात, साधारण अडीच ते तीन इंच व्यासाचं. पाइप, ड्रेनची नळी आणि वायर घालूनही वरच्या बाजूला दीड-एक इंचाची फट राहते. खारीला तेवढी पुरते. तिचं डोकं मावलं की अंग मावतंच. शंभर-सव्वाशे ग्रॅमचा तर जीव. भोक भिंतीत असल्यामुळे आत वारा लागत नाही, मांजर पोहोचत नाही, कावळ्याची चोच जात नाही. झाडावरची ढोली मिळणं अवघड झालेल्या शहरात तिला याहून चांगली जागा कुठली?

सोलर हीटरवालेही हाच त्रास सांगतात. गच्चीवरच्या गरम पाण्याच्या पाइपावरचं काळं फोमचं वेष्टण खार सोलून नेते. तिला ते खायचं नसतं, घरट्याला मऊ अस्तर हवं असतं. पायपुसण्यातला काथ्या, मॉपचे दोरे, वाळत घातलेल्या गादीचा कापूस हे सगळं त्यासाठीच जातं. तोंडात पुंजका धरून खार वारंवार एकाच दिशेला जाताना दिसली तर तो इशारा समजावा. पिल्लं अजून झालेली नसतात, घरटं बांधणं चालू असतं. भोक बंद करायला हा सगळ्यात योग्य काळ, आणि नेमका याच काळात कोणी लक्ष देत नाही.

वायर कुरतडण्याचं कारण वेगळं. खारीचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजवायला काहीतरी कुरतडावंच लागतं. एसीची पातळ सिग्नल केबल, डिशची केबल, इंटरनेटची फायबर यांच्यावर ती दात चालवते. तार उघडी पडलेली आणि शेजारी सुका कापूस, हे आगीचं निमंत्रण. म्हणून आउटडोअर युनिटमध्ये डोकावण्याआधी एमसीबी (विजेच्या पेटीतला खटका) पाडायचा, नुसता रिमोट बंद करून भागत नाही. एमसीबी पाडल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक राहते, तेव्हा युनिटच्या आत हात घालायचं काम मिस्त्रीचंच.

आता मुख्य गोष्ट. आत पिल्लं आहेत की नाहीत, हे ठरवल्याशिवाय काहीही ओढायचं नाही आणि काहीही बुजवायचं नाही.

खारीला ठरलेला एकच विणीचा महिना नसतो. वर्षातून एकाहून जास्त वेळा पिल्लं होतात, बहुतेक वेळा दोन ते चार. त्यामुळे ‘आत्ता सीझन नाही, बुजवा बिनधास्त’ हा सल्ला खोटा आहे. तपासणीच करावी लागते, आणि ती फार अवघडही नाही. संध्याकाळी भोकाच्या तोंडाशी वर्तमानपत्राचा चुरगळलेला बोळा सैलसर ठेवायचा, ठासायचा नाही. आत राहणारी खार सकाळी तो ढकलून बाहेर टाकते. तीन दिवस बोळा जागचा हलला नाही तर घरटं सोडलेलं आहे असं धरायला हरकत नाही. बोळा पडला तर भर दुपारी, खार बाहेर असताना, मोबाइलचा टॉर्च लावून भोकातून व्हिडिओ काढायचा. डोळ्यांना जे दिसत नाही ते व्हिडिओ थांबवून पाहिल्यावर दिसतं. भोक वाकडं असेल तर मोबाइलला जोडायचा लवचीक वायरीचा कॅमेरा मिळतो, तो एकदा घेतला की सगळ्या सोसायटीला वापरता येतो.

गुलाबी, केस नसलेली पिल्लं म्हणजे जेमतेम आठवड्याची. पाठीवर पट्टे दिसू लागले पण डोळे मिटलेले, तर तीन आठवड्यांच्या आतली. अशी पिल्लं दिसली तर निदान दीड महिना त्या भोकाला हात लावू नये. एसी त्या खोलीत हवाच असेल तर मिस्त्रीकडून वायर तपासून, उघडी पडलेली बदलून, भोक तसंच ठेवून एसी चालवता येतो.

थांबणं शक्यच नसेल, समजा भिंतीचं काम निघालंय, तर खारीलाच हलू द्यायचं. सकाळी लवकर भोकाजवळ दिवा लावायचा, रेडिओ बोलता ठेवायचा आणि लांब व्हायचं. आईला जागा असुरक्षित वाटली की ती एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे नेते. तिची बहुधा आणखी एखादी जागा हेरलेली असते. मात्र यासाठी तिला अख्खा दिवस उजेड मिळायला हवा. हा प्रकार दुपारी चारला सुरू केला तर अर्धी पिल्लं रात्री मागे राहतात.

२४ मार्च

कालपासून एकच प्रश्न तीन-चार वेगवेगळ्या घरांतून आला: ‘रात्री छतात खुडबुड होते, खार असेल का?’

नाही. आपली पट्टेवाली खार दिवसाची आहे. अंधार पडायच्या आत ती घरट्यात शिरते आणि उजाडल्यावर बाहेर येते. रात्री दोनला पीओपीच्या वर काही धावत असेल तर तो उंदीर. पंचवटीतल्या किंवा जुन्या नाशकातल्या वाड्यात कौलांखाली जड पावलं वाजत असतील, तर उदमांजर असण्याची शक्यता मोठी. लेंड्या पाहिल्या की खात्री होते. खारीची लेंडी बारीक, पाच-सहा मिलिमीटरची. घुशीची किंवा मोठ्या उंदराची दीड-दोन सेंटिमीटर लांब. वटवाघळाची चिमटीत दाबली की भुकटी होते आणि त्यात किड्यांच्या पंखांची चमक दिसते (हातमोजे घालूनच दाबावी). उदमांजराच्या विष्ठेत बिया असतात, अख्ख्याच्या अख्ख्या. पावलांसाठी कट्ट्यावर चिमूटभर मैदा भुरभुरायचा. खार उड्या मारत जाते, त्यामुळे तिच्या मागच्या पायांचे ठसे पुढच्या पायांच्या पुढे पडतात. उंदराचे ठसे ओळीनं जातात आणि मधूनमधून शेपटीची रेघ ओढलेली दिसते.

हा प्रश्न अमेरिकेतून विचारला गेला तर उत्तर उलटं होतं. तिकडे लाकडी घरांच्या आणि जंगलातल्या केबिनच्या छतात रात्री धावणारी खरोखरच उडणारी खार असू शकते. ती आपल्या खारीहूनही हलकी असते, सव्वा-दीड इंचाच्या फटीतून आत येते आणि कडाक्याच्या थंडीत ऊब मिळावी म्हणून अनेक जणी एका जागी गोळा होतात. एक दिसली तर एकच आहे असं तिकडे धरू नये. डोळे मोठे, काळेभोर, आणि पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत कातडीची झालर. ती पंखांनी उडत नाही, उंचावरून झेप घेऊन झालर ताणते आणि तरंगत खालच्या खोडावर उतरते. म्हणूनच घराच्या छपरावर ओणवं झालेलं उंच झाड असेल तर तिथूनच तिचा रस्ता असतो.

आपल्याकडची उडणारी खार सह्याद्रीच्या दाट जंगलात राहते आणि आकारानं कितीतरी मोठी असते, शेपटी धरून हातभराहून लांब. तीही रात्रीचीच, झाडाच्या ढोलीत राहणारी. एखाद्या जंगलातल्या मुक्कामी झाडावर दोन तांबडे डोळे चमकताना दिसले, तर पांढरा टॉर्च तिच्यावर रोखून धरू नये. डोळे दिपल्यावर झेप चुकू शकते. वन्यजीव कायद्यानं तिला संरक्षण आहे. शेकरू वेगळं: दिवसाचं, तांबूस, आणि झालर नसलेलं. भीमाशंकरला जाऊन आलेले बरेच जण दोघांत गल्लत करतात.

२ एप्रिल

भोक रिकामं झाल्याची खात्री पटली की मग मात्र दिरंगाई नको. त्याच दिवशी बंद करावं, नाहीतर दुसरी खार येते.

नुसता पीयू फोम (फवारल्यावर फुगून घट्ट होणारा) टिकत नाही. खार तो रात्र होईपर्यंत पोखरून मोकळी होते, शिवाय घरट्याला नेते. पॉलिथिनचा बोळा, थर्माकोल, प्लास्टिकची जाळी, सगळं त्याच गतीचं. पाइपाभोवती अर्ध्या इंची घराची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) वेल्डेड जाळी घ्यायची. तिचे दोन अर्धगोल तुकडे कापून पाइपाच्या दोन बाजूंनी बसवायची, कडा भोकात दोन इंच आत वळवायच्या. मग त्यावर सिमेंट किंवा पांढरं सिमेंट. फोम भरायचाच असेल तर जाळीच्या आत. काम सकाळी दहा-अकराला करावं. खार तेव्हा बाहेर असते, आणि आत कोणी उरलंच असेल तर दिवसभरात आवाजावरून कळतं. हात लावण्याआधी भोकात एकदा शेवटचं बघावंच.

गंजणारी साधी लोखंडी लोकर टाळावी, पावसाळ्यात तिचे तांबडे ओघळ भिंतीवर उतरतात. बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनला बाहेरून हीच जाळी, पण चार स्क्रूंवर, साफसफाईला काढता यावी अशी.

दोन गोष्टी माझ्या मते घरात आणूच नयेत. पहिली, उंदरांसाठीचा चिकट पुठ्ठा. बाल्कनीत ठेवला की त्यावर खार, पाल, चिमणी कोणीही अडकतं. अडकलेला प्राणी ओढू नये, कातडी सुटते. पुठ्ठ्याच्या उघड्या भागावर पीठ टाकून चिकटपणा मारायचा, मग अडकलेल्या जागी शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल थेंबथेंब सोडत सुटं करायचं आणि वनविभागाला कळवायचं. दुसरी, कबुतरांची सैल बांधलेली नायलॉन जाळी. सैल जाळीत खारीचा पाय पिळला जातो. जाळी लावायचीच तर ताणून, आणि दर महिन्याला कडा तपासून.

पिल्लू खाली पडलेलं सापडलं तर पहिलं काम ऊब. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवायची, पिल्लू चपलेच्या खोक्यात, झाकणाला भोकं. निफाडच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत पारा फार उतरतो, तिथे पिल्लू उपाशी मरण्याआधी गारठून मरतं. अंग गरम झालं की खोकं सापडल्या जागेजवळ उंचावर, मांजर पोहोचणार नाही असं, उघडं ठेवायचं आणि आईला दिवसाउजेडी काही तास द्यायचे. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, ही समजूत सोडून द्यावी. अंधार पडला तर खोकं आत घ्यावं, सकाळी पुन्हा बाहेर.

गाईचं किंवा म्हशीचं दूध देऊ नये, जुलाब होऊन पिल्लू जातं. गार पडलेल्या पिल्लाच्या तोंडात काहीच घालू नये. आई आलीच नाही तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. तोवर अंग उबदार असेल तरच कोमट ओआरएस, बिनसुईच्या एक मिलिलिटरच्या सिरिंजनं, ओठाला थेंब लावत. पिल्लू पालथं धरून, उताणं कधीच नाही. नाकातून फेस आला तर लगेच थांबून डोकं खाली करावं आणि नाक कापसानं टिपावं.